नाजूक प्रकृतीची मुलगी

४ जानेवारी

दादा,

तुझं औषधाचं दुकान आणि तुझी कंबर, दोन्ही ठीक चालली आहेत असं धरून लिहायला बसलेय. फोनवरही सांगता आलं असतं, पण मोठ्या गोष्टी आपण दोघं कागदावरच बोलतो. तू हॉस्टेलला गेलास तेव्हापासूनची सवय, आता कुठे मोडायची.

तर मोठी गोष्ट अशी, की मी पुन्हा शिकायचं म्हणतेय. हसून घे. पंधरा वर्षं चौथीला शिकवल्यावर माझ्या लक्षात आलंय, की वर्गात मागे पडणाऱ्या मुलांसाठी माझ्याकडे दहा उपाय आहेत आणि पुढे पळणाऱ्यांसाठी एकही नाही. यंदा एक पोरगी आहे. बाकीच्यांचं तिसरं गणित होईपर्यंत तिची सगळी झालेली असतात आणि उरलेला तास ती माझा जीव खाते. परवा तिनं फळ्याचे स्क्रू काढले. का, तर फळा भिंतीला चिकटलाय की नुसता लटकलाय ते तिला बघायचं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उपद्व्यापी आहे, पालकांना बोलवा." मी बोलावलं नाही. मला ती आवडते, दादा, पण तिचं काय करायचं ते मला येत नाही.

प्रज्ञावान मुलांना कसं शिकवायचं, याचं शिक्षकांसाठी वेगळं शिक्षण असतं. मी चौकशी केली. इथल्याच अध्यापक महाविद्यालयात संध्याकाळची वर्षभराची पदविका आहे. सोपी आहे, पण तिथे विषयाची नुसती तोंडओळख करून देतात. दुसरी म्हणजे दूरशिक्षणानं पदव्युत्तर पदवी, नोकरी सांभाळून. आणि तिसरी, दोन वर्षं तिथेच राहून करायची. अशी मुलं ओळखायची कशी, त्यांचा अभ्यासक्रम बांधायचा कसा, त्यांच्या आईबापांशी बोलायचं कसं, सगळं मुलांमध्ये बसून शिकायचं. ही कुठे आहे माहितेय? तुझ्या शाळेच्या आवारात! तुमच्या त्या हुशार मुलांच्या शाळेला जोडूनच त्यांनी शिक्षकांसाठी संस्था काढलीय.

घरात हुशार कोण हे तेव्हाच ठरलं होतं. आपण दोघं एकाच दिवशी त्या शाळेची प्रवेश चाचणी द्यायला गेलो, तुझा नंबर लागला, माझे थोडे गुण कमी पडले. आई मला कष्टाळू म्हणायची, मला ते पुरलं. शिवाय तू तिथून पत्रात गणितं पाठवायचास, 'हे तुला जमतंय का बघ' म्हणून. अख्ख्या गावात अशी फुकटची शिकवणी फक्त मला होती. तर हुशार माणसा, तूच सांग, यातलं काय घेऊ?

तुझी
बारकी


१५ जानेवारी

बारके,

स्क्रू काढणाऱ्या पोरीवर आमचं घर खूश आहे. तुझ्या वहिनीनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या दोन्ही कार्ट्यांनी लगेच पेचकस शोधायला घेतला, म्हणून तो मी दुकानात नेऊन ठेवलाय. आप्पांनीही ऐकलं, बोलले काही नाहीत. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, निदान सोयीचं नसेल ते तरी.

आता कामाचं. तू शिक, जरूर शिक. पण दूरशिक्षणानं कर. धडे घरी येतील, सुट्टीच्या दिवशी उत्तरं लिहायची, वर्षातून एकदा परीक्षा. पदवी तीच, कागद तोच. दोन वर्षं बिनपगारी रजा काढून, परक्या ठिकाणी, खानावळीचं खाऊन राहायचं वय आहे का तुझं? तुझं पित्त मला माहीत आहे. फीची काळजी करू नकोस, ती मी भरणार.

आणि त्या आवाराचं म्हणशील, तर ते लांबून चांगलं दिसतं. मी सहा वर्षं काढलीत तिथे. भिंती जाड आणि माणसं थंड. तुझ्यासारख्या मायाळू बाईनं तिथे जाऊन काय करायचं? माझं ऐक. मोठा भाऊ म्हणून सांगतोय, आणि औषधवाला म्हणूनही.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या काळजीनं पोट भरलं. फीचं वाचून तर डोळ्यांत पाणी आलं. पण रागावू नकोस, मी संस्थेत अर्ज केला.

दूरशिक्षणवाल्यांची माहिती मी नीट वाचली. पुस्तकं चांगली आहेत, पण दोन वर्षांत एकही मूल समोर बसत नाही. हे म्हणजे टपालानं पोहायला शिकल्यासारखं. पदविकेच्या सरांना भेटून आले, तर ते म्हणाले, "हुशार मुलांचं काय, ती आपली आपण शिकतात." मी त्यांचा चहा अर्धा टाकून उठले.

रजा मंजूर होईल असं मुख्याध्यापिका म्हणतात. मुलाखत पुढच्या महिन्यात. घेणाऱ्यांमध्ये मोठ्या बाई आहेत, तुमच्या वेळी चाचण्या घ्यायच्या त्याच. सांगू का त्यांना, मी तुमच्या जुन्या विद्यार्थ्याची बहीण म्हणून? थोडा वशिला लागेल!

बारकी


९ फेब्रुवारी

बारके,

घाईत लिहितोय, दुकानात गिऱ्हाईक आहे.

माझं नाव तिथे काढू नकोस. मी काही तिथला मोठा तारा नव्हतो, आणि असल्या ओळखी सांगणं बरं दिसत नाही. तू तुझ्या जिवावर जा. खरं तर अजूनही म्हणतो, जाऊ नकोस. मोठ्या बाईंचं वय झालंय, काहीबाही बोलतात असं ऐकलंय. जुन्या गोष्टी उकरत बसतात.

समुपदेशनाची पदविका का नाही करत? तिलाही मागणी आहे. आप्पाही म्हणत होते, तिला एवढं लांब कशाला पाठवता. तूच बघ.

दादा


२२ जून

दादा,

मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याचं मी कळवलं, त्याला तुझं उत्तर आलं नाही. फोनवर वहिनी म्हणते दुकानात काम वाढलंय. मी समजून घेतलं. पण तू रुसलायस हेही मला कळतं. तुझं ऐकलं नाही म्हणून ना? मी इथे आलेच आहे, आता तरी मन मोकळं कर.

मला खोली चौथ्या मजल्यावर मिळालीय. एक पलंग, एक टेबल, आणि खिडकीतून तुमच्या शाळेचं मैदान दिसतं. सकाळी पोरं कवायत करतात तेव्हा त्यांच्यात मी दहा वर्षांचा तू शोधते. तुझं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. पण सभागृहातल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या फलकावर ते आहे, ते बघून आले आणि उगाच छाती फुगवून जेवायला गेले.

वर्गात आम्ही अकरा जण, सगळे शिक्षक. एक भूगोलवाला आहे, तो स्वतःला प्रज्ञावान समजतो आणि रोज चष्मा हरवतो. अभ्यास अवघड आहे, पण मला एक गंमत जाणवतेय. बाकीचे अडतात तिथे मला पटकन दिसतं, आणि दिसलं की भीती वाटते, एवढं सोपं कसं असेल, आपलंच काहीतरी चुकलं असणार. मग मी तेच सगळं पुन्हा करून बघते. कष्टाळू माणसाची खोड, दुसरं काय!

बारकी


११ ऑगस्ट

दादा,

हे पत्र वहिनीला मोठ्यानं वाचायला देऊ नकोस. आधी तू एकट्यानं वाच.

आज मोठ्या बाईंचा तास होता. शाळेतून निवृत्त झाल्यात, पण चाचण्यांचा विषय अजून त्याच शिकवतात. गुणांच्या आकड्यात न मावणारं मूल ओळखायचं कसं, ते सांगत होत्या. म्हणाल्या, "तीसेक वर्षांपूर्वी एक नऊ वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, तळ नसलेल्या बादलीचा काय काय उपयोग करता येईल? मुलं म्हणतात, रोपाभोवती ठेवू, ढोल करू. ही म्हणाली, मुंग्यांच्या घराभोवती ठेवायची, म्हणजे येणारा-जाणारा त्यावर पाय देणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणते, पण बाई, तळ गेला कुठे? त्याचा उपयोग नाही विचारणार तुम्ही?"

वर्ग हसला. मी हसू शकले नाही. दादा, ते मी म्हणाले होते. ती खोली, टेबलावरची हिरवी काच, बाईंच्या भुवया, सगळं डोळ्यांसमोर आलं. इतकी वर्षं मी समजत होते की माझे गुण तिथेच गेले. उलट प्रश्न विचारला म्हणून बाई रागावल्या आणि त्यांनी नापास केलं. त्यानंतर शाळेत मी कधी कुणाला उलट प्रश्न विचारला नाही.

भूगोलवाल्यानं विचारलं, "मग ती आता काय करते?"

बाई म्हणाल्या, "ती आलीच नाही. त्या वर्षी पहिली आली होती ती. पण वडिलांनी कळवलं, मुलीच्या हृदयात दोष आहे, प्रकृती फार नाजूक आहे, तिला घराबाहेर ठेवता येणार नाही. मग प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव घेतलं. तो नेमका तिचाच भाऊ निघाला. इतकी वर्षं इथे होता, पण त्याला बहिणीबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही. ती मुलगी जगली की नाही, मला अजून माहीत नाही."

तास संपला, सगळे गेले. मी बाकावरच बसून होते. बाई कागद आवरत होत्या.

मी म्हटलं, "बाई, ती मुलगी जगली."

"तुला कसं माहीत?"

"मीच ती."

बाई खाली बसल्या. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, डॉक्टर नाडी बघतात तसं, आणि बराच वेळ सोडलं नाही. मग विचारलं, "आणि हृदय?"

मी म्हटलं, "रोज चार जिने चढते, बाई. कधी धाप लागली नाही."

दादा, मला कसला आजार होता? होता तर मला कधी डॉक्टरकडे का नेलं नाही? मला 'थोडे गुण कमी पडले' असं का सांगितलं? आणि तुला यातलं काय माहीत होतं?

बारकी


१९ ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र वाचलं, एकट्यानं. दुकान लवकर बंद केलं.

मला काहीही माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. मी दहा वर्षांचा होतो. मला म्हणाले, तुझा नंबर लागला, बॅग भर. मी भरली. मोठी माणसं काय ठरवतात ते मुलांना कोण सांगतं? बाईंचीही काही गफलत होत असेल. तीस वर्षांत किती मुलं त्यांच्यासमोर बसली असतील, एकीचं दुसरीला चिकटलं असेल.

आणि समजा खरं असलं, तरी आता त्याचं काय करायचं? आप्पांचा रक्तदाब वर-खाली होतोय. त्यांना काही विचारू नकोस, निदान एवढ्यात तरी. आई असती तर तिला विचारता आलं असतं. तू अभ्यासात लक्ष घाल.

तुझा
दादा


२७ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. मी तुझ्यावर संशय घेतला. तूही तेव्हा पोरच होतास, तुलाही अंधारात ठेवलं. म्हणजे फसवलं आपल्या दोघांनाही. तू आयुष्यभर जी जागा स्वतःची समजलास ती तशी नव्हती, हे वाचून तुला काय वाटलं असेल, याचा मी विचारच केला नाही. माफ कर.

पण आप्पांना मी विचारणार आहे. चिडून नाही विचारणार. पुढच्या शनिवारी येते. तू घरी राहा, माझ्या शेजारी बस. एकटीला धीर होणार नाही.

बारकी


१४ सप्टेंबर

मी आले, तर तू नव्हतास. औषध विक्रेत्यांची बैठक आहे म्हणून पहाटेच गेलास, असं वहिनी म्हणाली. तिनं माझ्यासाठी गरम जेवण वाढलं. तिला बिचारीला काहीच माहीत नाही. पोरं शाळेत होती. मग आप्पांच्या खोलीत गेले.

ते खुर्चीत बसून बटण लावत होते, सदऱ्याचं. मी सुई ओवून दिली आणि विचारलं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, निदान दचकतील. दादा, त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

म्हणाले, "हो. तुझा नंबर लागला होता."

"मग मला काय झालं होतं?"

"तुला काय होतंय! ठणठणीत होतीस. काहीतरी कारण द्यावं लागतं."

"का पण, आप्पा?"

"प्रतीक्षा यादीत पहिलं नाव त्याचं होतं, आणि एकालाच पाठवायची आपली ऐपत. तो मागे राहिला असता आणि धाकटी बहीण पुढे गेली असती, तर तो मोडला असता. मुलगा होता, घर त्याच्या खांद्यावर यायचं होतं. तू मोडणारी नव्हतीस."

"म्हणजे मी भक्कम होते म्हणून माझं काढून घेतलंत?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. खरंच त्यांना कळत नव्हतं मी काय म्हणतेय ते. म्हणाले, "काढून कुठे घेतलं? घरातच राहिलं की."

मी विचारलं, आईला माहीत होतं का. तर म्हणाले, "आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. मग बोलायला लागली." एवढंच. मला कष्टाळू म्हणताना ती माझ्याकडे कधी बघायची नाही, भाजीकडे बघायची, हे मला परतताना गाडीत आठवलं.

आणि मग मी उठताना ते म्हणाले, अगदी सहज, "तुझ्या दादाला विचार. त्याला मी तेव्हाच सांगितलं होतं, हॉस्टेलला सोडायला गेलो त्या दिवशी. म्हटलं, ही जागा बहिणीची आहे, नीट अभ्यास कर आणि घरी अक्षर बोलू नकोस. शब्दाचा पक्का आहे तो."

शब्दाचा पक्का.

आप्पांचं मी समजू शकते. आवडत नाही, पण समजू शकते, ते तसेच आहेत. तुझं काय समजू? गेल्या महिन्यात तू शपथ घेतलीस. मी तुझी माफी मागितली. ते पत्र वाचताना तुला काय वाटलं? घडी घालून ठेवून दिलंस?

आता मला सगळंच दिसतंय. 'दूरशिक्षणानं कर.' 'समुपदेशन कर.' 'माझं नाव काढू नकोस.' 'मोठ्या बाई काहीबाही बोलतात.' मी त्या ओळींत माया वाचली. माझ्या पित्ताची काळजी वाचली! तू मला या फाटकापासून लांब ठेवत होतास, आणि त्यासाठी माझी फीसुद्धा भरणार होतास.

आणि ती गणितं. ती मला शिकवण्यासाठी नव्हती ना रे? 'हे तुला जमतंय का बघ.' मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ती सोडवायचे, उत्तर लगेच टपालात टाकायचे, आणि मैत्रिणींना सांगायचे की माझा भाऊ मला हॉस्टेलवरून शिकवतो. तुझी ती शाळा मीच केली, दादा. घरी बसून, टपालानं.

उत्तर दे अथवा नको. पण आता शपथ घेऊ नकोस.


३० सप्टेंबर

बारके,

हे पत्र मी दुकानात लिहितोय, शटर अर्धं ओढून. खोटं लिहायला मला कधी वेळ लागला नाही, हे लिहायला लागतोय.

सगळं खरं आहे. आप्पांनी हॉस्टेलच्या पायरीवर सांगितलं. मी त्यांच्या हाताला धरून रडलो, म्हटलं मला परत न्या, तिला आणा. ते म्हणाले, आता तिचं नाव कटलंय, तू परत आलास तर दोघांचंही गेलं. आणि गेले. पहिल्या परीक्षेत मी वर्गात शेवटचा आलो. तिथली मुलं हसत खेळत करायची ते माझ्या डोक्यावरून जायचं. मग मी तुला पहिलं गणित पाठवलं. तुझं उत्तर आलं, आणि सोबत तू लिहिलं होतंस, 'अजून पाठव, मजा आली.' बारके, मी ते वाचून संडासात जाऊन बसलो होतो.

मोठ्या बाई एकदा मला व्हरांड्यात थांबवून म्हणाल्या, "घरी सगळे बरे आहेत ना?" मी म्हटलं, "हो." तेव्हा सांगता आलं असतं. नंतर आई गेली तेव्हा सांगता आलं असतं. तू शिक्षिका झालीस, तेव्हा आप्पा पाहुण्यांना म्हणाले, मुलगा हुशार, मुलगी कष्टाळू, आणि तू हसलीस. तेव्हाही सांगता आलं असतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर ती विचारेल की आधी का नाही सांगितलंस.

मला तू तिथे जायला नको होतीस, हे खरं. तुझं भलं-बुरं माझ्या डोक्यातही नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की या जगात एक माणूस मला हुशार समजतं, ते जाणार.

तुझ्या वहिनीला मी सांगितलंय. दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाहीये. पोरांनाही सांगीन. सगळ्या नातेवाइकांना बोलावून सांगतो, म्हणशील तर बाईंपुढे येऊन उभा राहतो, त्या फलकावरचं नाव खोडायला लावतो. आयुष्यभर हे ओझं वाहिलंय, आता तू सांगशील ते करतो. फक्त गप्प बसू नकोस. आप्पा नीट जेवत नाहीत, सारखं विचारतात, तिचं पत्र आलं का.

दादा


१ डिसेंबर

दादा,

उत्तराला वेळ लागला. लिहायला बसायचे आणि दर वेळी कागदावर तुझी समजूत घालायला लागायचे. 'तू तरी काय करणार, लहान होतास, एकटा होतास.' दोन-चार ओळी झाल्या की माझ्या लक्षात यायचं, की लागलंय मला आणि फुंकर तुला घालतेय. ते कागद मी फाडले. हे शेवटपर्यंत लिहून होईल असं वाटतंय.

दहा वर्षांच्या दादावर माझा राग नाही. पायरीवर रडणारा तो मुलगा मला दिसतो आणि मलाही रडू येतं. राग आहे तो ऑगस्टमध्ये शपथ घेणाऱ्या चाळिशीच्या माणसावर. तू लिहितोस, आयुष्यभर ओझं वाहिलं. ते खरं असेल, पण ते ओझं माझ्या वस्तूचं होतं. मला परत दिलं असतंस, तर तूही मोकळा झाला असतास.

काय गेलं माझं, असं मी स्वतःला खूप विचारलं. शाळा गेली, त्याचं एवढं नाही. मी चांगली शिक्षिका आहे, माझं आयुष्य वाईट गेलं नाही. पण तीस वर्षं, काही पटकन समजलं की मी घाबरले. उत्तर आलं की ते खोडून पुन्हा केलं. कुणी शहाणी म्हटलं की मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून. तुम्ही मला माझ्याबद्दल खोटं सांगितलंत आणि मी त्यावर विश्वास ठेवून जगले. ते कुठून परत आणू?

नातेवाइकांना बोलावू नकोस. मला सभा नको, आणि सगळ्यांसमोर रडणारा तू तर मुळीच नको, कारण मग सगळे माझ्याकडे बघतील, मी माफ करतेय का म्हणून. फलकावरचं नाव राहू दे. इथे तू खरोखर राहिलास, ते कसं खोडणार. वहिनीला सांग, माझा तिच्यावर राग नाही, आणि तिनं किती दिवस बोलायचं नाही ते तिचं तिनं ठरवावं. आप्पांना म्हणावं, जेवा. मी एवढ्यात येणार नाही. केव्हा येईन ते मलाही माहीत नाही.

तुला पत्र लिहू नकोस असं म्हणत नाही. उत्तर येईलच असं धरू नकोस, एवढंच.

इथलं एक सांगते. या आठवड्यात चाचण्या सुरू झाल्या आणि बाईंनी मला पहिल्यांदा टेबलाच्या त्यांच्या बाजूला बसवलं. दिवसभर मुलं येत होती. शेवटची एक आठ वर्षांची मुलगी होती. बुटाची नाडी सुटलेली, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. तिचं झालं, ती हात धुवायला गेली. तेवढ्यात तिचे वडील आत आले. भला माणूस, हातात तिचा स्वेटर धरलेला. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, एक विनंती आहे. निकाल काय लागेल तो आधी मला एकट्याला कळवा. तिला काय आणि कसं सांगायचं, ते आम्ही घरी बघू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "निकाल मी तिलाच सांगणार. तुम्हाला तिच्याशेजारी उभं राहता येईल."

बारकी